नाव दाखवावी

२ मार्च, सोमवार

येणार! नक्की झालं. राजधानीचा कागद आज सकाळी आला. २५ एप्रिल, शनिवार.

वेढा पडला होता तेव्हा परक्या देशातून आपणहून आलेला डॉक्टर. वय चोवीस. पूल उडवला गेल्यावर एका नावाड्याला हाताशी धरून त्यानं अकरा खेपांत एकशे चार जखमी नदीपार नेले. शाळेत आम्हाला त्याच्यावर धडा होता. धड्यावर चित्र – डॉक्टर समोरून, नावाडी पाठमोरा. आता तो एकोणऐंशीचा आहे. मुलीबरोबर येतोय. प्रवासापासून रोषणाईपर्यंत सगळा खर्च सरकारी. गावात एवढा मोठा समारंभ आजवर झालेला नाही.

मुलीचं पत्र माझ्याकडे दिलं. त्यांची भाषा नगरपालिकेत मला एकटीलाच वाचता येते. तरुणपणी दोन वर्षं तिच्या साहित्यात घालवली. त्याचा नगरपालिकेला झालेला हा पहिला उपयोग. एरवी मी ठरावांचे मसुदे लिहिते. अठ्ठावीस वर्षं. सबब, तथापि, मंजुरीस्तव.

पत्र घरी आणलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भाषांतर केलं. मागणं थोडकं आहे – भाषणं लांबवू नयेत. खुर्चीला पाठ असावी. आणि त्या नावाड्याविषयी डॉक्टरच्या स्वतःच्या दोन ओळी.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दादा जुने खिळे सरळ करत बसला होता. होड्यांचा कारखाना बंद पडल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून हेच. वाकडा खिळा लोखंडाच्या तुकड्यावर ठेवायचा, हातोडीनं हळू ठोकायचा, डब्यात टाकायचा. सरळ झालेल्या खिळ्यांचं पुढे काय, हे कुणी विचारत नाही. मी नाही, वहिनी नाही.

५ मार्च, गुरुवार

आजच्या सभेत मी इतिवृत्त लिहीत होते. नगराध्यक्षांनी माझं भाषांतर मोठ्यानं वाचलं. भाषणांचं वाक्य पटकन उरकलं. खुर्चीची नोंद झाली. मग चष्मा कपाळावर चढवला.

"ऐका! पाहुण्यांना नाव पाहायचीय. ज्या नावेतून ते गेले, ती नाव!"

कोणीतरी म्हणालं, ती तर युद्धानंतरच्या थंडीत सरपणाला गेली.

"मग बांधा. हुबेहूब. एवढा माणूस आयुष्यात एकदा येणार आणि आपण काय दाखवणार? सरपण?"

होडीला साडेचार लाख. हात वर. सगळे. हिशेबनिसांचासुद्धा. ते एरवी हात वर करतात तो फक्त पंखा बंद करायला सांगण्यासाठी. ऑफिसात त्यांना टाचणी म्हणतात – त्यांच्याकडे गेलेला कागद टाचला गेल्याशिवाय बाहेर येत नाही.

माझं पेन थांबलं. नाव पाहायची? सभा संपल्यावर फाईल मागून घेतली.

६ मार्च, शुक्रवार

माझंच अक्षर. पत्रात आहे ते असं – ज्या नावाड्याने मला पार नेले त्याला मी विसरलेलो नाही. जमल्यास नाव दाखवावे. नाव म्हणजे त्या माणसाचं नाव. वेढ्याच्या स्मारकाच्या दगडावर कोरलेलं असेल अशी बिचाऱ्यांची समजूत.

मी लिहिलंय – जमल्यास नाव दाखवावी.

वे चा वी. मात्रेच्या जागी वेलांटी, आणि माणसाच्या नावाची होडी झाली! ध चा मा झाला तेव्हा एकाचा जीव गेला म्हणतात. माझ्या वेलांटीनं साडेचार लाख गेले. लिहिताना लक्षात आलं नाही. पुन्हा वाचून पाहिलं नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी सांगून टाकते. अजून काही बिघडलेलं नाही. ठराव कागदावरच आहे.

७ मार्च, शनिवार

ठराव कागदावर राहिला नाही. आज आमच्या घरी आला.

सकाळी दहाला बांधकाम खात्याचा अभियंता दारात. तरुण आहे, बूट बाहेर काढू की नको या विचारात बराच वेळ उभा राहिला. दादाला म्हणाला, नाव बांधायचीय, तुमच्याशिवाय येतं कुणाला?

दादानं मान वर केली नाही. "मला जमणार नाही. हात गेले."

वहिनी आतून – "हात कुठे जातात? बाजारात? सकाळी त्याच हातांनी तीन वेळा साखर घेतलीत."

अभियंता हसला. मग हसायला नको होतं असं वाटून चेहरा सरळ केला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "निदान एवढं सांगा – तळ टोकदार ठेवायचा ना?"

दादाची हातोडी थांबली. "कुणी सांगितलं टोकदार?"

"चित्रात तसं दिसतं."

"चित्र काढणारा पाण्यात उतरला होता का? या नदीला गाळ आहे. टोकदार तळ रुतून बसेल. सपाट हवा. आणि बाजू बाहेर कललेल्या – अशा. आडवे निजवलेले जखमी मावायला पाहिजेत." टेबलावर खिळ्यानं रेघ ओढायला लागला. माझ्या टेबलावर! वहिनीनं कागद पुढे सरकवला. पेन्सिल दिली.

अभियंता गेला तेव्हा एक वाजला होता. दादानं माळ्यावरून पेटी उतरवली. वाकस, रंधे, पटाश्या. सगळ्याला गंज. संध्याकाळभर घरात दगडावर धार लावण्याचा आवाज. वहिनी स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. खांद्यांवरून कळलं.

सोमवारी काय सांगू?

९ मार्च, सोमवार

तरी गेले. टाचणींच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं. वे आणि वी.

त्यांनी फाईल उघडली. माझी ओळ वाचली. बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बाई, ठरावाआधी ही चूक होती. आता मंजूर झालीय. मंजूर झालेली चूक ही चूक नसते. ती बाब असते."

"पण पैसा लोकांचा आहे."

"लोकांचाच आहे. तुमच्या बंधूंना काय चंद्रावरून आणलंय?"

त्यांनी फाईल टाचली. "उलट फिरवायचं तर पुन्हा सभा, पुन्हा राजधानी, पुन्हा मंजुरी. तोवर पाहुणे येऊन जातील आणि हातात ना नाव राहील ना नाव. माझं ऐका, होडी होऊ द्या. तुम्ही ते दुसरं नाव शोधा. त्याला मंजुरी लागत नाही."

माणूस रुक्ष आहे असं मी वर्षानुवर्षं समजत होते. आभार मानायचे राहिले.

दुपारी स्मारकापाशी गेले. एक्केचाळीस नावं. हुद्द्यासकट. बेकर आहे, पोस्टमन आहे, शाळेचा घंटावाला आहे. नावाडी नाही.

१४ मार्च, शनिवार

लाकूड आलं. नदीकाठची जुनी शेड उघडली. दादा फळीफळीवर बोटानं टिचकी मारून कान लावतो. सहा परत पाठवल्या. ठेकेदार वैतागला – "लग्नाला मुलगी बघताय का?" दादा म्हणाला, मुलीला इतकं बघावं लागत नाही, ती गळत नाही.

दादा विनोद करतो. हे मी विसरून गेले होते.

१५ मार्च, रविवार

स्थानिक पेपरात पहिल्या पानावर – पैसे पाण्यात! खाली होडीचं चित्र. शीर्षक देणाऱ्याला फार कष्ट पडले नसावेत.

लिहिलंय ते खोटं नाही. दवाखान्याचं छत गळतं. शाळेत बाकं कमी. अशा वेळी रोषणाई, कमान, दोनशे खुर्च्या, होडी. न्हाव्याच्या दुकानाबाहेर वाद चालला होता. एक म्हणे, त्या डॉक्टरनं फुकट केलं, आपण त्याच्या नावानं उधळतोय. न्हावी म्हणाला, "माझा बाप त्या एकशे चारांत होता. तो पलीकडे गेला नसता तर तुझी दाढी आज कुणी केली असती?" सगळे हसले. वाद मिटला नाही. मिटायलाही नको.

मी कर भरते. पगारातून कापून जातो, कधी दिसत नाही. कुठे जातो विचारलंही नव्हतं. या वर्षी दिसला – कोपऱ्यावरचा दिवा लागला, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना कठडा आला, आणि आमच्या घरात सकाळी सहाला एक माणूस उठून दाढी करतो. कृतज्ञ वाटतं. आणि लगेच लाज वाटते, कारण हे सगळं दुसऱ्या एका माणसाच्या जागेवर उभं आहे. त्याला नाव नाही.

१९ मार्च, गुरुवार

तळघरातल्या दप्तरात जकातीच्या वह्या सापडल्या. नदी ओलांडण्याच्या. युद्धाच्या आधीच्या वर्षाची वहीसुद्धा! पान उघडलं. पहिल्याच रकान्यावर ठळक अक्षरात – नाव.

बोट खाली नेलं.

१. १. २. १. १.

होड्यांची संख्या! रकाना नावेचा होता. त्या शेजारी वल्ही – २, ४, २. त्या शेजारी जकात. माणसांसाठी रकानाच नाही. शेवटी सहीच्या जागी अंगठे. ओळीनं अंगठे. यातला एक त्याचा असणार.

एकाच शब्दानं मला दोनदा फसवलं. तळघरात एकटीच हसले. मग हसू आवरेना. शिपाई डोकावून गेला.

२४ मार्च, मंगळवार

दादा दुपारी जेवायला आला नाही. विसरला! वहिनी रागानं डबा घेऊन गेली आणि हसत परत आली.

३१ मार्च, मंगळवार

पुलाजवळ चहा विकणारी आजी. तिचं वय तिलाच ठाऊक नाही. वेढ्यात दहा-बारा वर्षांची होती म्हणते. नावाडी तिनं पाहिलाय.

"मुका? हो तर. सगळे मुकाच म्हणायचे."

नाव?

"तेच ना. मुका."

आईबापानं ठेवलेलं?

"त्यानं सांगायला नको का ग, बाई? ऐकायला यायचं त्याला सगळं. बोलता येत नव्हतं." मग कप विसळत – "आम्ही पोरं त्याला हाक मारून पळायचो. तो वल्ह्यानं पाणी उडवायचा. मारलं कधी नाही."

त्याचं पुढे काय झालं? बाराव्या खेपेला गेला, म्हणाली. एकटाच. डॉक्टरला ताप होता म्हणून त्याला नेलं नाही. होडी दोन दिवसांनी काठाला लागली, रिकामी. धड्यात बारावी खेप नाही.

चहाचे पैसे घेतले नाहीत तिनं. "त्याच्याबद्दल विचारायला आलीस, तुझ्याकडून कसले घेऊ?"

४ एप्रिल, शनिवार

दादाला इतकंच सांगितलं की नावाड्याचं नाव शोधतेय. कशासाठी म्हणाला. भाषणासाठी, म्हणाले. दादाशी खोटं बोलणं सोपं असतं, तो लगेच मानतो. त्यामुळेच कठीण.

बारावी खेपही सांगितली. तो बराच वेळ फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग मधलं बसायचं फळकूट उचकटलं आणि एक वीत मागे घेतलं. का? "एकटा वल्हवायचा ना तो. एकट्याला वजन मागे लागतं."

९ एप्रिल, गुरुवार

नगराध्यक्ष शेडमध्ये. होडीभोवती दोन चकरा मारल्या, खुशीत. म्हणाले, समोर काही रंगवायला हवं – माझ्या वडिलांचं नाव कसं वाटतं? वेढ्यात तेही होते.

"होते," दादा म्हणाला. "गच्चीवर. माझ्या वडिलांबरोबर. दोघे मिळून पत्ते खेळत."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. माणूस दिलदार आहे, हे कबूल करायला हवं. जागा कोरी राहिली.

१५ एप्रिल, बुधवार

होडी पाण्यात उतरवली. काठावर निम्मं गाव. पाच मिनिटांत तळाशी घोटाभर पाणी. पेपरवाला फोटो काढतोय. अध्यक्षांचा चेहरा पांढरा – "बुडतेय! अहो, सरकारी पैसा बुडतोय!"

दादा शांतपणे विडी पेटवायला काड्या शोधत होता. "पहिल्या दिवशी पाणी आत येणारच. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. तीन दिवस बुडू द्या."

"तीन दिवस बुडू द्या?"

"साहेब, तहान लागलीय तिला."

अध्यक्ष पायरीवर बसले. वहिनीनं त्यांना पाणी दिलं. परत येऊन माझ्या कानात – "यांचीही फट मिटेल."

१८ एप्रिल, शनिवार

मिटली. पाणी उपसलं. आत थेंब नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

उद्या. गाव ओळखू येत नाही. कमान, झेंडे, खुर्च्या – एका खुर्चीला पाठ आणि वर गादीसुद्धा. दुभाषी मीच असणार. म्हणजे त्या माणसाच्या समोर मीच उभी. "जमल्यास नाव दाखवावे" असं ज्यानं लिहिलं त्याला मी होडी दाखवणार. पंचावन्न वर्षं थांबला. सात हजार किलोमीटर आला.

सांगायचं. ठरलं. त्यांच्या भाषेत सांगायचं, म्हणजे इथे कुणाला कळणार नाही. यात किती धैर्य आहे आणि किती भित्रेपणा ते बघायला नको.

दादाचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला. तीनदा जाऊन बघून आला.

२५ एप्रिल, शनिवार

झालं. आज लिहिता येणार नाही.

२६ एप्रिल, रविवार

क्रमानं लिहिते.

पाहुणे उंच, किंचित वाकलेले. काठी आहे पण टेकत नाहीत, हातात धरतात. मुलगी माझ्याच वयाची. गर्दी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, छपरांवर, झाडांत. न्हाव्यानं पुढे येऊन बापाचा फोटो दाखवला. पाहुण्यांनी फोटो हातात घेतला आणि फोटोतल्या माणसाचा कुठला पाय जखमी होता ते सांगितलं. डावा. न्हावी रडायला लागला. दुकानात एवढा बोलणारा माणूस!

अध्यक्षांचं भाषण चाळीस मिनिटं. पाहुणे गादीवर बसून होते. दोन वेळा माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

मग नदी. पायऱ्या उतरताना नव्या कठड्याला धरून उतरले. होडी दिसली. थांबले. मुलीनं विचारलं, ती हीच का? मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून कळलं नाही. मी तोंड उघडणार इतक्यात ते दादाकडे वळले. दादा होडीत उभा, शर्ट घामानं ओला. पाहुण्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि विचारलं. आमच्या भाषेत. एकच शब्द.

"नाव?"

अर्थात दादाचंच विचारत होते. पण दादाला ते कुठून सुचणार? सात आठवडे त्याच्या डोक्यात एकच नाव. तो खुलला. होडीच्या काठावर तळहातानं थाप मारली. दोनदा. धप, धप. जणू म्हणत होता, ही काय!

पाहुण्यांचा हात दादाच्या हातातून सुटला. चेहऱ्यावरचा रंग गेला. मुलगी घाबरून पुढे आली. त्यांनी तिला थोपवलं. मला म्हणाले, यानं असं का केलं?

मी सांगितलं – त्याला वाटलं तुम्ही होडीबद्दल विचारताय.

का वाटलं?

कारण आमच्या भाषेत माणसाचं असतं त्याला आणि या होडीला एकच शब्द आहे.

ते पायरीवर बसले. गादीच्या खुर्चीवर नाही, दगडावर. मग बोलत राहिले, तुटक, मी जेमतेम ऐकत गेले. मला तेव्हा तुमचे तीनच शब्द येत होते. जखमींना विचारायचे म्हणून परिचारिकेनं शिकवलेले. नाव. दुखतं. पुरे. तो बोलायचा नाही, पण ऐकू यायचं. प्रत्येक खेपेला काठ सोडताना मी त्याला विचारलं – नाव? आणि प्रत्येक वेळी त्यानं काठावर अशी थाप मारली. दोनदा. मला पंचावन्न वर्षं वाटत होतं तो म्हणतोय, गप्प बस.

मी तिथेच सांगून टाकलं. वे, वी. तुम्ही काय मागितलं होतं आणि मी काय लिहिलं. नाव कसं शोधलं, अंगठ्यांच्या ओळी, चहावाली आजी, मुका. बारावी खेप. नाव सापडलं नाही, हेही. त्यांच्या भाषेत "मला क्षमा करा"ची तीन रूपं आहेत. सगळ्यात जड ते वापरलं.

बारावी खेप ऐकली तेव्हा डोळे मिटले. थोडा वेळ. बाकीचं ऐकलं तेव्हा हसायला लागले. आधी खांदे, मग आवाज. काठावरची गर्दी गोंधळली आणि मग काहीच न समजता हसायला लागली. अध्यक्ष सगळ्यांत मोठ्यानं. दादा मला विचारतोय – "काय झालं ग? काय चुकलं माझं?"

काही नाही दादा. बरोबर सांगितलंस.

मग त्यांना होडीत बसवलं. दादानं वल्ही घेतली. काठ सोडताना पाहुण्यांनी हात उचलला आणि लाकडावर थाप मारली. दोनदा. पलीकडे गेले, परत आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या असतात हे विसरले असावेत.

जाताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मुलगी म्हणाली, बाबा कित्येक वर्षांत असे हसले नाहीत.

२८ एप्रिल, मंगळवार

पेपरात आज होडीचा फोटो. पैशाचा उल्लेख चौथ्या पानावर, लहान अक्षरात. त्याच पानावर – दवाखान्याच्या छतासाठी अर्ज. सह्यांत पहिली सही न्हाव्याची. बरं झालं. मीही करून आले.

टाचणींना आभाराचं बोलले. "कसले?" म्हणाले. कान लाल.

३० एप्रिल, गुरुवार

ठराव क्रमांक सत्तावीस. मसुदा मीच लिहिला, तीनदा वाचून पाहिला. होडी दर शनिवार-रविवार लोकांसाठी चालवावी. देखभालीस व वल्हवण्यास दादाची नेमणूक. आणि स्मारकावर बेचाळिसावी ओळ कोरावी. काय कोरायचं यावर अर्धा तास चर्चा. शेवटी ठरलं – मुका, नावाडी. बारा खेपा.

हातातून काही सुटलं असं वाटत नाही. आलं असंच वाटतं. घरात वहिनी गुणगुणते, आवाज भसाडा आहे, तरी बरं वाटतं. किती जणांचे किती आभार! या वहीची गेल्या दोन महिन्यांची पानं चाळली तर दुसरं काही नाही.

३ मे, रविवार

म्हणून एक दुरुस्ती. ६ मार्चला लिहिलं आहे, लक्षात आलं नाही. आलं होतं. वेलांटी चुकून पडली, ते खरं. पण शाई ओली होती तेव्हाच दिसली. समोर दादा खिळे ठोकत होता. मी कागदावर फुंकर घातली.